दौऱ्यात घडलेला अल्बम : लेड झेपेलिनचे १९६९ साल

मित्रहो, आजच्या व्याख्यानासाठी मी एकच बँड आणि त्याच्या आयुष्यातले एकच वर्ष निवडले आहे. बँड लेड झेपेलिन आणि वर्ष १९६९. त्या वर्षात चार तरुण इंग्रज कलावंतांनी अमेरिकेचे चार दौरे पार पाडले, त्यांतला पहिला आदल्या डिसेंबरातच सुरू झाला होता. मायदेशात आणि युरोपात त्यांनी कार्यक्रम केले, पहिला अल्बम बाजारात आणला, दुसरा अल्बम रचून ध्वनिमुद्रित केला आणि तोही त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. वर्ष उजाडले तेव्हा अमेरिकेत त्यांचे नाव धड छापलेही जात नव्हते आणि वर्ष सरले तेव्हा दुसरा अल्बम तिथल्या खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होता.

ही हकिगत सांगताना सहसा दौरा, प्रसिद्धी आणि ध्वनिमुद्रण अशी तीन वेगळी खाती पाडली जातात. आधी अल्बम करायचा, मग त्याची जाहिरात करायची आणि तो खपावा म्हणून दौरा काढायचा, असा तो क्रम. १९६९ च्या तारखा ओळीने मांडून पाहिल्या की हा क्रम कुठेच बसत नाही. माझे म्हणणे असे आहे की त्या वर्षी ही तिन्ही कामे एकमेकांत पूर्ण मिसळून गेली होती, आणि दुसऱ्या अल्बमचा जोर, त्याचा आवाज आणि त्यातला एक गंभीर दोषसुद्धा या मिसळण्यातूनच आला.

सुरुवात थोडी मागून करावी लागेल. १९६८ च्या उन्हाळ्यात ‘यार्डबर्ड्‌स’ हा बँड फुटला. त्यात गिटार वाजवणाऱ्या जिमी पेजच्या हाती बँडचे नाव राहिले आणि स्कँडिनेव्हियातले आधीच ठरलेले काही कार्यक्रम राहिले. ते निभावण्यासाठी त्याने नवी माणसे जमवली. बासवादक जॉन पॉल जोन्स हा पेजप्रमाणेच लंडनच्या स्टुडिओंमध्ये इतरांच्या गाण्यांसाठी रोजंदारीने वाजवणारा, तयारीचा वादक होता. गायक रॉबर्ट प्लांट आणि ड्रमवादक जॉन बॉनम हे दोघे इंग्लंडच्या मिडलँड्‌स भागातले, जेमतेम विशीतले. ७ सप्टेंबर १९६८ रोजी कोपनहेगनजवळच्या ग्लॅडसॅक्स येथे या चौघांनी पहिला जाहीर कार्यक्रम केला आणि तिथून परतल्यावर महिन्याभराच्या आत ते लंडनच्या ऑलिंपिक स्टुडिओत पहिला अल्बम मुद्रित करू लागले. स्टुडिओचा एकूण वेळ सुमारे ३६ तास आणि खर्च सुमारे १,७८२ पौंड. तासाच्या हिशेबाने काम करण्याची सवय पेज आणि जोन्स यांच्या अंगात मुरलेली होती आणि गाणी तर स्कँडिनेव्हियाच्या मंचावर घोटून झाली होती, म्हणूनच हे शक्य झाले. दौरा आधी आणि ध्वनिमुद्रण नंतर, हा त्यांचा क्रम पहिल्या अल्बमपासूनच दिसतो.

या ध्वनिमुद्रणाच्या वेळी कोणत्याही कंपनीशी त्यांचा करार झालेला नव्हता. पैसे स्वतःचे आणि हातात तयार टेप, अशा स्थितीत व्यवस्थापक पीटर ग्रँट न्यूयॉर्कला अटलांटिक कंपनीकडे गेला. तयार माल दाखवून बोलणी करणाऱ्याची बाजू भक्कम असते, आणि ग्रँटने तिचा पुरेपूर उपयोग केला. मोठी आगाऊ रक्कम मिळाली, पण त्याहून महत्त्वाची होती ती मोकळीक. अल्बममध्ये काय असावे, मुखपृष्ठ कसे असावे, एखादे गाणे सुटे काढून एकल तबकडी म्हणून विकावे की नाही, हे सारे बँड ठरवणार होता. १९६९ मध्ये प्रसिद्धीबाबत जे निर्णय झाले, त्यांचे मूळ या करारात आहे.

पहिला अमेरिकी दौरा ठरला तो दुसऱ्याच्या रिकाम्या जागेवर. जेफ बेक या गिटारवादकाच्या बँडने ठरलेल्या तारखा सोडल्या आणि ग्रँटने त्या ठिकाणी आपले चौघे बसवले. २६ डिसेंबर १९६८ रोजी, म्हणजे नाताळच्या दुसऱ्या दिवशी, डेन्व्हरमध्ये व्हॅनिला फज या बँडच्या आधी ते मंचावर उभे राहिले. चारच दिवसांनी वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन शहरी त्यांचा कार्यक्रम होता आणि तिथल्या वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत त्यांचे नाव ‘लेन झेफ्लिन’ असे छापून आले. जानेवारीच्या आरंभी लॉस एंजेलिसचा व्हिस्की अ गो गो क्लब झाला आणि ९ तारखेपासून सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर वेस्टमध्ये तीन रात्री झाल्या. ‘लेड झेपेलिन’ हा पहिला अल्बम अमेरिकेत १२ जानेवारीला प्रसिद्ध झाला. म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या त्या तीन रात्री जे लोक ऐकायला आले होते, त्यांना घरी नेण्यासाठी दुकानात अजून तबकडीच नव्हती.

मग लोक आले कसे? इथे त्या काळातल्या अमेरिकी रेडिओबद्दल थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण त्याच्याशिवाय हे वर्ष उमगत नाही. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत बहुतेक एफएम केंद्रे आपल्याच मालकाच्या एएम केंद्राचा कार्यक्रम जसाच्या तसा पुन्हा वाजवत असत. अमेरिकेच्या संघराज्य दळणवळण आयोगाने मोठ्या शहरांत या पुनरावृत्तीवर मर्यादा घातली. मालकांना अचानक बरेच तास स्वतंत्रपणे भरणे भाग पडले आणि ते तास स्वस्तात भरून देणारे तरुण निवेदक पुढे आले. एएमवर तीन मिनिटांच्या गाण्यांची ठरावीक यादी दिवसभर फिरत असे. एफएमवरचे हे तरुण मात्र अल्बमची संपूर्ण बाजू लावत, सहा-सहा आणि आठ-आठ मिनिटांची गाणी वाजवत आणि तीही स्टिरिओमध्ये. अटलांटिकने अल्बम बाजारात येण्याआधीच प्रसिद्धीसाठीच्या, पांढऱ्या लेबलाच्या काही प्रती अशा निवेदकांना पाठवल्या होत्या. बँड ज्या शहरात जाई, तिथल्या एफएम केंद्रावर आदल्या आठवड्यात तो ऐकू आलेला असे आणि कार्यक्रम झाल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच केंद्राकडे पुन्हा मागणी जाई.

बॉस्टनमध्ये हे नाते किती जवळचे होते ते पाहण्यासारखे आहे. तिथले डब्ल्यूबीसीएन हे केंद्र १९६८ च्या मार्चमध्ये रॉककडे वळले आणि सुरुवातीच्या काळात त्याचे प्रसारण बॉस्टन टी पार्टी नावाच्या संगीतगृहाच्या मागच्या खोलीतूनही होत असे. याच संगीतगृहात २३ ते २६ जानेवारी १९६९ अशा चार रात्री लेड झेपेलिन वाजवत होते. शेवटच्या रात्री श्रोत्यांनी त्यांना मंचावरून उतरू दिले नाही. कार्यक्रम चार तासांच्या पुढे गेल्याचे जोन्सने पुढे अनेक मुलाखतींत सांगितले आहे. त्यांच्याकडे तेव्हा दोन तास पुरेल एवढेही स्वतःचे साहित्य नव्हते. आहे ते सगळे वाजवून झाल्यावर त्यांनी तीच गाणी पुन्हा घेतली, नंतर बीटल्स आणि इतर बँडांची गाणी घेतली, ज्याला जे अर्धेमुर्धे आठवत होते ते घेतले. अशा रात्री बँडला एक गोष्ट देऊन जातात, ती म्हणजे लांबवण्याची सवय. गाण्याच्या मधोमध जागा उघडायची, एकाने काही सुचवायचे, इतरांनी ते उचलायचे आणि पुन्हा ठेक्यावर परतायचे. दुसऱ्या अल्बमची बरीच सामग्री या मधल्या जागांतून आली, असे मला वाटते.

याची उदाहरणे देता येतात. बॉनमचे ड्रमचे एकलवादन पहिल्या दौऱ्यापासून रोज होत असे आणि पत्नीच्या नावावरून त्याला ‘पॅट्‌स डिलाइट’ म्हणत. तेच पुढे पेजच्या एका गिटारवाक्याची जोड मिळून दुसऱ्या अल्बममध्ये ‘मोबी डिक’ झाले. ब्ल्यूज या कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या संगीतप्रकारातला गायक हाउलिन वुल्फ याचे ‘किलिंग फ्लोअर’ ते मंचावर रोज वाजवत होते. ते फुगत गेले, त्यात इतर ब्ल्यूज गाण्यांच्या ओळी शिरल्या आणि त्याचे ‘द लेमन साँग’ झाले. हे गाणे लॉस एंजेलिसच्या मिस्टिक स्टुडिओत, लाकडी भिंतींच्या एका लहानशा खोलीत, जवळजवळ मंचावर वाजवावे तसे सलग मुद्रित केले गेले. जोन्सचा बास त्यात कसा चालतो ते लक्ष देऊन ऐका. तो कुठेही एकच वळण फार काळ धरून बसत नाही. रोज तेच गाणे वाजवणारा आणि रोज त्यात काहीतरी नवे शोधणारा वादकच असे वाजवू शकतो.

इंग्लंडमधली स्थिती वेगळी होती. पहिला अल्बम तिथे मार्चच्या अखेरीस निघाला. वृत्तपत्रांत उत्साह बेताचाच होता, आणि अमेरिकेतही ‘रोलिंग स्टोन’ या नियतकालिकाने मार्चमध्ये अल्बमवर फार कठोर परीक्षण छापले. बँडचे आणि समीक्षकांचे नाते तेव्हापासून बिघडले ते बराच काळ तसेच राहिले. बीबीसी रेडिओवर मात्र त्यांना चांगली संधी मिळाली, आणि तिचे कारण पुन्हा एका नियमातच सापडते. तबकड्या किती तास वाजवाव्यात याला बीबीसीवर कराराने मर्यादा होती. उरलेला वेळ भरण्यासाठी बीबीसी बँडांना आपल्या स्टुडिओत बोलावून खास ध्वनिमुद्रण करत असे. निवेदक जॉन पील याच्या ‘टॉप गियर’ कार्यक्रमासाठी लेड झेपेलिनने मार्चमध्ये असे एक सत्र केले आणि जूनमध्ये आणखी काही केली. या सत्रांतली गाणी अल्बमहून वेगळी ऐकू येतात, आणि दोन सत्रांमध्ये अमेरिकेचा एक दौरा होऊन गेला आहे हे कानाला लगेच कळते.

दूरचित्रवाणीवर त्यांनी त्या वर्षी डेन्मार्क, इंग्लंड आणि फ्रान्समध्ये मोजकी हजेरी लावली आणि नंतर ते माध्यम जवळपास सोडूनच दिले. तीन मिनिटांत आटोपायचे आणि संचाच्या चिमुकल्या स्पीकरमधून बॉनमचे ड्रम ऐकवायचे, यात त्यांचे काहीच पोहोचत नव्हते. मला हा निर्णय योग्य वाटतो. ज्या संगीताचे सगळे बळ आवाजाच्या आकारमानात आणि वेळेच्या मोकळेपणात आहे, ते अशा चौकटीत कोंबले की त्याच्यातला फक्त आरडाओरडा उरतो.

दुसरा अमेरिकी दौरा १८ एप्रिलला सुरू झाला आणि मेअखेर न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्टमध्ये संपला. तिसरा जुलै आणि ऑगस्टमध्ये झाला. दुसऱ्या अल्बमचे बहुतेक सारे काम या एप्रिल ते ऑगस्टच्या काळातले आहे. लंडनच्या ऑलिंपिक आणि मॉर्गन स्टुडिओंत काही गाणी उभी राहिली. पुढे लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क, व्हँकुव्हर असे जिथे कार्यक्रम असेल तिथल्या स्टुडिओत, मिळेल त्या मोकळ्या दिवशी थोडे थोडे काम होत गेले. टेपची रिळे बँडच्या सामानाबरोबर शहरोशहरी फिरत होती. व्हँकुव्हरचा स्टुडिओ म्हणजे नुसती झोपडी होती, तिथे आठ ट्रॅकचे, म्हणजे आठ आवाज वेगवेगळे मुद्रित करणारे यंत्र होते पण हेडफोनची धड सोय नव्हती, आणि तशातच प्लांटने ‘ब्रिंग इट ऑन होम’साठी हार्मोनिका वाजवली. ‘हार्टब्रेकर’ या गाण्यात मधेच सगळी वाद्ये थांबतात आणि पेजची एकटी गिटार ऐकू येते. तो तुकडा वेगळ्या स्टुडिओत, वेगळ्या दिवशी वाजवून मागाहून गाण्यात बसवलेला आहे, हे पेजने स्वतःच सांगितले आहे. तिथे गिटारचा पोतही किंचित बदलतो. एखाद्या काटेकोर निर्मात्याने तो सांधा लपवला असता. पेजने तो उघडा ठेवला, आणि त्यामुळेच ती जागा अचानक दार उघडावे तशी अंगावर येते.

इतक्या वेगवेगळ्या खोल्यांत, वेगवेगळ्या यंत्रांवर आणि वेगवेगळ्या तंत्रज्ञांच्या हाताखाली मुद्रित झालेला हा माल एकजिनसी कसा झाला, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर न्यूयॉर्कच्या ए अँड आर स्टुडिओत, एडी क्रेमर या तंत्रज्ञापाशी मिळते. जिमी हेंड्रिक्सबरोबर काम केलेल्या क्रेमरने पेजच्या सोबतीने हा अल्बम मिसळला, आणि अंतिम मिश्रणाला फार थोडे दिवस लागले. ‘होल लोटा लव’च्या शेवटाकडे प्लांटचा एक दूरचा, भुतासारखा आवाज खऱ्या ओळीच्या क्षणभर आधीच ऐकू येतो. ती आधी ठरवलेली करामत नव्हती. दुसऱ्या ट्रॅकवरचा जुना आवाज गळत होता आणि कळ पूर्ण खाली ओढूनही तो जाईना. शेवटी दोघांनी त्याला उलट भरपूर प्रतिध्वनी दिला आणि गाण्याचा भाग करून टाकले. हाती वेळ असता तर ती ओळ कदाचित पुन्हा गाऊन घेतली गेली असती, पण दौरा पुढे सरकायचा होता.

उन्हाळ्यातल्या मोठ्या महोत्सवांविषयी फार थांबत नाही. २८ जूनला बाथ, ५ जुलैला अटलांटा, दुसऱ्याच दिवशी न्यूपोर्ट आणि ३१ ऑगस्टला टेक्सास अशी ती यादी आहे. पण ऑगस्टमधल्या वुडस्टॉक या गाजलेल्या महोत्सवाचा उल्लेख करायलाच हवा, कारण तिथे ते नव्हते. तिथे गेल्यास आपण यादीतला आणखी एक बँड होऊ, या विचाराने ग्रँटने नकार दिला, आणि तो महोत्सव ऐन भरात असताना, १६ ऑगस्टला, लेड झेपेलिन न्यू जर्सीतल्या ॲस्बरी पार्कमध्ये स्वतःच्या नावावर वाजवत होते. आठ महिन्यांपूर्वी दुसऱ्याच्या सोडलेल्या तारखा घेऊन आलेल्या बँडने आता कुठे जायचे नाही हे ठरवावे, यातच त्या वर्षाचा वेग दिसतो.

१७ ऑक्टोबरला चौथा दौरा न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये सुरू झाला. १९६४ मध्ये रोलिंग स्टोन्स तिथे वाजवून गेल्यानंतर त्या सभागृहाने रॉक बँडला दारच उघडले नव्हते. पाच दिवसांनी, २२ ऑक्टोबरला, ‘लेड झेपेलिन टू’ प्रसिद्ध झाला. आगाऊ मागणीच लाखोंच्या घरात होती. २७ डिसेंबरच्या ‘बिलबोर्ड’ या अमेरिकी नियतकालिकाच्या यादीत त्याने बीटल्सच्या ‘ॲबी रोड’ला मागे सारून पहिला क्रमांक घेतला.

आता एकल तबकडीचा वाद. एएम केंद्रांना ‘होल लोटा लव’ हवे होते, पण ते साडेपाच मिनिटांचे होते आणि मधला मुक्त, चित्रविचित्र ध्वनींचा भाग त्यांना नको होता. काही केंद्रांनी तो भाग स्वतःच कापून वाजवायला सुरुवात केली. अमेरिकेत अटलांटिकने एकल तबकडी काढली, पुढे तिची तीन मिनिटांच्या आसपासची छोटी आवृत्तीही निघाली, आणि जानेवारी १९७० मध्ये ते गाणे तिथे चौथ्या क्रमांकापर्यंत पोहोचले. इंग्लंडमध्येही छोटी आवृत्ती डिसेंबरात काढायची तयारी झाली होती. तिथे मात्र ग्रँटने करारावर बोट ठेवून ती थांबवली, आणि बँड अस्तित्वात होता तोवर इंग्लंडमध्ये त्याची एकही एकल तबकडी रीतसर निघाली नाही. ज्याला हे गाणे हवे त्याने पूर्ण अल्बम घ्यावा किंवा कार्यक्रमाला यावे, असा त्याचा अर्थ होता. व्यापाराच्या दृष्टीने हे धोरण कमालीचे फायद्याचे ठरले, पण मला त्यातला संगीताचा विचार अधिक मोलाचा वाटतो. तो मधला भाग म्हणजे मंचावरच्या त्या उघड्या जागांची अल्बममधली खूण होती. तो कापला की दौऱ्याचा आत्माच निघून जातो.

पण याच ठिकाणी त्या दोषाकडेही वळले पाहिजे. ‘होल लोटा लव’चे शब्द ब्ल्यूज गीतकार विली डिक्सनने लिहिलेल्या आणि मडी वॉटर्सने गायलेल्या ‘यू नीड लव’ या गाण्याशी उघड नाते सांगतात. ‘द लेमन साँग’विषयी मघाशी बोललोच. ‘ब्रिंग इट ऑन होम’चा आरंभ आणि शेवट हे डिक्सनचेच, सनी बॉय विल्यमसनने गायलेले गाणे आहे. अल्बमवर मात्र तिन्ही गाण्यांखाली फक्त बँडच्या सदस्यांची नावे छापली गेली. ब्ल्यूजमध्ये ओळी एकमेकांच्या घेऊन गाणे ही जुनी रीत आहे आणि मंचावर त्यात कोणाचे काही बुडत नाही. तबकडीवर नाव छापले की त्या नावामागे मानधन चालत येते, आणि शिकागोतल्या कृष्णवर्णीय कलावंतांचे ते मानधन बुडाले. घाई हे त्याचे समर्थन होऊ शकत नाही, कारण जानेवारीच्या पहिल्या अल्बमवर याच बँडने डिक्सनच्या दोन गाण्यांखाली त्याचे नाव व्यवस्थित दिले होते. नियम त्यांना ठाऊक होता. ‘ब्रिंग इट ऑन होम’ आणि ‘द लेमन साँग’ यांबाबत हक्कधारक प्रकाशन कंपनीशी सत्तरच्या दशकात तडजोड झाली. ‘होल लोटा लव’साठी डिक्सनला १९८५ मध्ये न्यायालयात जावे लागले आणि १९८७ मध्ये तडजोड होऊन पुढे त्याचे नाव त्या गाण्यावर आले. मूळ तबकडी आणि ही तडजोड यांच्यात जवळजवळ अठरा वर्षे गेली. हा अल्बम मला अत्यंत प्रिय आहे, आणि म्हणूनच तो ऐकवताना डिक्सनचे आणि वुल्फचे नाव घेतल्याशिवाय मी पुढे जात नाही.

११ डिसेंबरला लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात बँडला सुवर्ण तबकड्या देण्याचा समारंभ झाला. त्या प्रदान करण्यासाठी ब्रिटिश व्यापार मंडळाच्या संसदीय सचिव ग्वेनेथ डनवुडी आल्या होत्या. सरकारच्या लेखी हा बँड आता निर्यातीचा भाग झाला होता.

जानेवारी १९७० मध्ये दौरे पुन्हा सुरू झाले आणि वसंतापर्यंत चालले. तिसऱ्या अल्बमसाठी मात्र पेज आणि प्लांट वेल्समधल्या ब्रॉन-इर-ऑर नावाच्या, वीजही नसलेल्या एका कुटीत जाऊन राहिले आणि तिथे त्यांनी गाणी रचली. त्या अल्बममध्ये अकूस्टिक गिटारला मोठी जागा मिळाली, आणि ऑक्टोबर १९७० मध्ये तो निघाला तेव्हा दुसऱ्या अल्बमचे पुष्कळ चाहते बुचकळ्यात पडले. एकाच जागी मुक्काम करून, सावकाश रचलेली ती गाणी होती, आणि १९६९ च्या पद्धतीने ती होऊच शकली नसती.